आल्डरगार्थची न बसायची जागा

आल्डरगार्थ हे घर छत्र्यांच्या पैशातून उभं राहिलं. मँचेस्टरच्या एडविन होल्डक्रॉफ्टनं अर्ध्या इंग्लंडच्या डोक्यावर छत्र्या धरल्या, गाठीला पुरेसं जमलं तेव्हा सुट्टीसाठी घर बांधायचं ठरवलं, आणि जागा निवडली ती विंडरमियर तळ्याच्या काठावर. म्हणजे जिथं पाऊस थांबला तर लोक एकमेकांना कारण विचारतात तिथं. धंद्यावर अशी निष्ठा विरळाच.

होल्डक्रॉफ्टच्या कारखान्यात छत्र्या यंत्रावर व्हायच्या, एकीसारखी दुसरी. घरात मात्र यंत्राचा वारा लागलेली एकही वस्तू त्याला नको होती. त्या काळी कला-कारागिरीवाल्यांच्या चळवळीचा जोर होता. यंत्रानं माणसाचा आत्मा हिरावला आणि तो हातानं घडवलेल्या खुर्चीत परत मिळेल, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. आणि तसली खुर्ची फक्त यंत्रांच्या मालकांनाच परवडायची. लंडनहून हर्बर्ट लीदम नावाचा वास्तुकार आला. तो हातमागाचा कोट घालायचा आणि जानेवारीतही चपला. त्यानं इथल्याच डोंगरातला निळसर पाटीचा दगड काढवला, इथलाच ओक कापवला, आणि घर तळ्याकडे तोंड करून असं बसवलं की ते आधीपासून तिथंच असावं आणि तळं मागाहून आलं असावं. दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीत, भिंतीच्या जाडीतच, त्यानं ओकची एक रुंद बैठक काढली. वरच्या तुळईवर लाल फळांच्या डहाळ्या कोरल्या आणि त्यांच्यामधून अक्षरं: ‘थकल्या जिवा, ये, बैस.’

थकलेलं कुणी त्या घरात यायचं ते मागच्या दारानं, आणि त्याला बसायची सवड नसायची. होल्डक्रॉफ्ट मंडळी ऑगस्टात येत, पावसाला नावं ठेवत, सप्टेंबरात जात. मुलगा पहिल्या युद्धातून परतला नाही. मुलीनं घर सांभाळलं, मग सांभाळेनासं झालं. दुसऱ्या युद्धात तिथं न्यूकॅसलची मुलींची शाळा आली आणि तिनं जिन्याच्या कठड्यावर नावं कोरली. तीही आता वारसा म्हणून जपली जातात. मग कसलंसं सरकारी कार्यालय, मग वटवाघळं, आणि शेवटी जुनी घरं जपणारा न्यास. घर न्यासाकडे जाणं म्हणजे माणूस स्वर्गात जाण्यासारखं. सगळं जागच्या जागी, सगळं स्वच्छ, आणि कुणी कशाला हात लावायचा नाही.

आता ‘बसू नका’ असं तोंडावर सांगणं इकडच्या माणसाला जमत नाही. पाटी लावली तर पाहुण्याचा अपमान होतो. म्हणून न्यासाच्या घरांमधून प्रत्येक खुर्चीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. बागेत उगवतं, फुकट मिळतं, दिसायलाही बरं असतं. काटा ठेवला की अपमान होत नाही. ‘थकल्या जिवा, ये, बैस’ या अक्षरांच्या बरोबर खाली असं एक बोंड पडलेलं असे, आणि लोक दोन्हींचा मिळून फोटो काढत.

दर गुरुवारी त्या दिवाणखान्यात जेराल्ड थेक्स्टन उभे असत. जिल्ह्याच्या बांधकाम-परवानगी खात्यात त्यांची हयात गेली होती. कुणाची पडवी, कुणाची माडीची खिडकी, कुणाचं गॅरेज. त्या सगळ्यांना ते नाही म्हणाले होते, पण अशा रीतीनं की अर्जदार आभार मानून जाई. निवृत्तीनंतर बायको गेली, घर ओस पडलं, तेव्हा ते आल्डरगार्थमध्ये स्वयंसेवक झाले. गळ्यात हिरवी फीत, कोटाला बिल्ला. नाही म्हणण्याचं काम विनावेतन करायला मिळतंय यातच ते समाधानी होते. पाहुण्यांना ते सांगत की लीदमनं ही बैठक नेमकी अशा उंचीवर बसवली आहे, की बसलं म्हणजे बाग आणि गच्चीचा कठडा दिसेनासा होतो, आणि पाणी थेट खिडकीच्या चौकटीला येऊन लागतं. हे त्यांनी पुस्तिकेत वाचलं होतं. स्वतः ते कधी बसले नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मिलमहून चॅपेलच्या, म्हणजे तिथल्या लहानशा प्रार्थनाघराच्या, मंडळींची बस आली. मिलम म्हणजे समुद्राकडचं गाव. लोखंडाची भट्टी होती तोवर गाव होतं, आता चॅपेल आहे. ओले रेनकोट टिपत मंडळी घरातून फिरली, छताकडे बघून ‘धूळ कोण काढतं?’ असं विचारलं, आणि चहाघराकडे वळली. एक म्हातारी तेवढी मागं राहिली. लहानखुरी, डोक्याला जांभळी लोकरी टोपी, काखेत मोठी पिशवी आणि पिशवीतून थर्मासचं डोकं बाहेर. तिनं तुळईवरची अक्षरं एकेक करत मोठ्यानं वाचली, मग खाली बोंडाकडे पाहिलं, मग जेराल्डकडे.

बसायचं नसतं का यावर, असं तिनं विचारलं. जेराल्डनी नेहमीचं उत्तर दिलं. वर्षाला येणारे हजारो पाहुणे, शंभर वर्षांचं लाकूड, मेणाचा नाजूक थर. ती ऐकत राहिली. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “माझी आई इथं कामाला होती. हॅना. लग्नाच्या आधी. मालक उठायच्या आत ही बैठक रोज मेण लावून घासायची.”

जेराल्ड म्हणाले, वा, फारच छान.

“एकदाही बसली नाही ती हिच्यावर. शेवटच्या दुखण्यात मला म्हणायची, डोरीन, तिथं बसल्यावर तळं कसं दिसतं गं? उभ्यानं मला पाठ आहे म्हणे, बसून कसं दिसतं ते ठाऊक नाही. मी म्हटलं, बघून येते आणि सांगते. आता ती जाऊन किती वर्षं झाली. पण सांगायचं राहिलंय ना. मिनिटभर टेकते. कोट काढते हवं तर, ओला आहे.”

दिवाणखान्यात दुसरं कुणीही नव्हतं. हे नंतर जेराल्डना पुन्हा पुन्हा आठवणार होतं. त्या क्षणी मात्र तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड आपोआप उघडलं. “मला मनापासून वाईट वाटतं,” ते म्हणाले, “पण एकाला परवानगी दिली की सगळ्यांनाच द्यावी लागते.”

“तेही खरंच बाबा,” म्हातारी म्हणाली. साठी उलटलेल्या माणसालाही ती बाबाच म्हणत होती, तिकडची पद्धत. “सगळेच बसायला लागले तर राहील काय.” पिशवी क्षणभर बैठकीच्या कडेवर टेकवून तिनं रुमाल काढला, चष्मा पुसला, उभ्यानंच तळं पाहिलं आणि आभार मानून गेली.

ती भांडली असती तर जेराल्ड शांत झोपले असते. भांडणाऱ्या अर्जदारांचं त्यांना कधीच काही वाटलं नव्हतं. आभार मानणाऱ्यांचंही नव्हतं म्हणा, पण त्यांच्यापैकी कुणी आईला निरोप द्यायला निघालेलं नव्हतं. ती टोचणी घालवावी म्हणून, संध्याकाळी किल्ल्या देताना, त्यांनी घराच्या व्यवस्थापक फिलिपाबाईंना ती गोष्ट सांगितली. पण सांगितली ती गमतीची म्हणून. जांभळी टोपी, थर्मास, ‘कोट काढते हवं तर’. फिलिपा हसली. जेराल्डही हसले. मग दोघं कामाला लागली, कारण त्याच संध्याकाळी दात्यांचा मेळावा होता.

दात्यांना काटे नसतात. मेळाव्याच्या आधी टोपली घेऊन सगळ्या खुर्च्यांवरची बोंडं गोळा करायची, हे काम जेराल्डकडेच होतं. खिडकीतलं बोंड त्यांनी शेवटी उचललं. उचलताना हाताला टोचलं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तांबडी वाइन घरात आणायची नाही, पांढरीच आणायची, असा न्यासाचा नियम आहे. डाग पडला तर निदान दिसू नये म्हणून. ग्लासाखाली ठेवायला बुचाच्या चकत्या असतात, वर आल्डरगार्थचं चित्र, खाली नमदा. त्या घेऊन जेराल्ड माणसामाणसातून फिरत होते. लेडी व्हेनेशिया ब्रॅम्हॉल खिडकीतल्या बैठकीवर ऐसपैस बसल्या होत्या. घराच्या छपराचा सगळा खर्च त्या उचलणार होत्या. निदान उचलण्याच्या बेतात होत्या, आणि श्रीमंत माणूस बेतात असतो तेव्हाच त्याला सर्वांत जपावं लागतं. त्या छपराबद्दलच बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी बर्फासारखा गार, दव धरलेला ग्लास शेजारी ओकवर ठेवला.

जेराल्ड दोन हातांच्या अंतरावर उभे होते. चकती त्यांच्या हातात होती. ‘लेडीसाहेब, जरा’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वाक्याच्या मध्यात होत्या, आणि इकडे वाक्याच्या मध्यात कुणी कुणाला थांबवत नाही, घर पेटलं तरी. वाक्य संपेल म्हणून जेराल्ड थांबले. एक वाक्य संपलं तेव्हा दुसरं सुरू झालेलं होतं. छपरावरून त्या पन्हळींवर आल्या, पन्हळींवरून आपल्या इटलीतल्या घरावर. ग्लास तिथंच घाम गाळत होता. शेवटी त्या उठल्या, ग्लास उचलला, आणि जेराल्डच्या हातातली चकती बघून म्हणाल्या, “अगंबाई, किती गोड चित्र आहे.” चकती जेराल्डच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीवर एक पांढुरकं कडं उमटलेलं दिसलं. पूर्ण गोल, चंद्राला खळं पडावं तसं.

फिलिपानं सगळ्यांना जुन्या भांडीघरात बोलावलं. सहा-सात स्वयंसेवक, चहाचे मग, आलं घातलेली बिस्किटं. आदल्या रात्री यातले बहुतेक जण दिवाणखान्यात वावरत होते. लेडीसाहेब कुठं बसल्या होत्या हे भिंतीवरच्या हरणालाही ठाऊक होतं. पण छप्पर गळत होतं, आणि छपराचा शब्द अजून कागदावर आलेला नव्हता. सगळ्यांनी मूग गिळले. दुकान सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, गरम वस्तू ठेवली तरी असंच कडं पडतं. कुणीतरी म्हणालं, बसनं येणारी मंडळी फार चांगली असतात, पण. ते वाक्य ‘पण’वरच संपलं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

फिलिपानं जेराल्डकडे पाहिलं. “तुम्ही काल सांगत होतात त्या आजीबाई. त्यांच्याजवळ थर्मास होता ना?”

खरं म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. थर्मास उघडलेला नव्हता. म्हातारी बसली नव्हती. ग्लास लेडीसाहेबांचा होता. जेराल्डनी त्यातलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात निरुपयोगी तेवढं निवडलं.

“होता,” ते म्हणाले.

आपण खोटं बोललो नाही, असं ते घरी जाताना स्वतःला बजावत राहिले. गाडी दारात लावेपर्यंत त्यांना ते पटेनासं झालं होतं.

चॅपेलला पत्र गेलं. पत्र फार सभ्य होतं, म्हणजे वाचणाऱ्याला आपण नेमकं काय केलं ते कळू नये, पण लाज तर वाटावी. भेटीबद्दल आभार, दिवाणखान्यातल्या बैठकीला ‘दुर्दैवानं झालेली इजा’, आणि यापुढे पिशव्या व खाण्यापिण्याचं सामान दारातच ठेवण्याची विनंती. नाव कुणाचंच नव्हतं. नाव नसलं की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं.

नोव्हेंबरात घर हिवाळ्यासाठी बंद झालं. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे चढले. जेराल्ड मऊ ब्रश घेऊन पुस्तकांची धूळ झाडत आणि फिलिपाला सांगायची वाक्यं मनात जुळवत. वाक्यं चांगली होत होती. सांगायला गेलं की फिलिपाच छपराची बातमी सांगे: लेडीसाहेबांचा वकील आला होता, लेडीसाहेबांचा फोन आला होता. एवढ्यात न्यासाकडून एक नवी टूम निघाली. घरात राहणाऱ्यांचा इतिहास आता सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. घर पुसणाऱ्यांचा कुणाकडेच नव्हता, आणि अनुदान यंदा पुसणाऱ्यांच्या इतिहासाला मिळत होतं. फिलिपा म्हणाली, “अहो जेराल्ड, त्या थर्मासवाल्या आजींची आई इथं मोलकरीण होती म्हणालात ना? अशी माणसं आता सोन्याच्या भावाची आहेत. जाऊन भेटा ना त्यांना. त्या डागाचं काही काढू नका म्हणजे झालं.”

चॅपेलमार्फत निरोप धाडून जेराल्ड मिलमला गेले. त्यांना जायचं नव्हतं, आणि त्यांना केव्हापासून जायचं होतं.

डोरीन पोस्टलथ्वेट यांचं घर भट्टीच्या कामगारांसाठी बांधलेल्या ओळीतलं होतं. दार उघडून तिनं त्यांना ओळखलं, क्षणभर पांढरी पडली, आणि मग थेट पुढच्या खोलीत नेलं. पुढची खोली म्हणजे काय हे जेराल्डना सांगायला नको होतं. त्यांच्या आईचीही होती. तिकडच्या प्रत्येक घरात ती असते. सगळ्यांत चांगला कोच, सगळ्यांत चांगला गालिचा, काचेच्या कपाटात लग्नातली कपबशी, आणि तिथं कुणी बसत नाही. तिथं पाद्रीसाहेब येतात, डॉक्टर येतात, आणि शवपेटी ठेवतात. घरची माणसं आयुष्यभर स्वयंपाकघरात बसतात आणि ती खोली पुसतात. डोरीननं त्यांच्यासाठी त्या खोलीत विस्तव पेटवला होता. कोचावरचं कापड काढलं, आणि ज्यावर ती स्वतः कधी बसलेली दिसत नव्हती त्या कोचावर तिनं आल्डरगार्थच्या माणसाला बसवलं.

चहा आला, कपाटातल्या कपबशीतून. केक आला. चहाच्या बाबतीत मिलममध्ये हयगय चालत नाही. वसुलीला आलेल्या माणसालाही आधी चहा विचारतात, मग दार लावून घेतात. चहा न विचारणं हे तिकडे शिवीपेक्षा वाईट, कारण शिवी एवढं बोलू शकत नाही.

डोरीन समोरच्या साध्या खुर्चीवर अर्धवट टेकली. “तुम्ही येणार हे मला ठाऊकच होतं,” ती म्हणाली. “ते मीच केलं, बाबा.”

जेराल्डनी बशी खाली ठेवली.

पत्र चॅपेलमध्ये वाचून दाखवलं होतं म्हणाली. ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. तिनं थर्मास उघडला नव्हता, पण त्याचं झाकण कधीच नीट बसत नाही, आणि रुमाल काढताना पिशवी तिनं बैठकीवर टेकवली होती. मिनिटभरच. जेराल्ड खिडकीबाहेर बघत होते तेव्हा. त्याच रविवारी तिनं पाद्रीसाहेबांना सांगून टाकलं. सहलीच्या यादीतून नाव काढून घेतलं. चॅपेलचा चहा तिच्याकडे असायचा, तोही सोडला. ज्या बाईला स्वतःचा थर्मास सांभाळता येत नाही तिनं दुसऱ्यांच्या किटलीला हात कशाला लावायचा. कुणी काही बोललं नाही. कुणी काही बोललं नाही, असं तिनं पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्यावरून जेराल्डना कळलं की कुणी तिला ‘नको गं सोडूस’ असंही म्हटलं नव्हतं.

“आईनं जन्मभर घासली ती जागा,” डोरीन म्हणाली. “आणि डाग कुणी लावला, तर मी. आता हिला काय सांगू मी?”

हिला म्हणजे भिंतीवरच्या फोटोला. पांढऱ्या टोपीतली एक मुलगी, हात पुढं घडी घातलेले, मागं आल्डरगार्थचं मागचं दार.

जेराल्डनी रुमालासाठी खिशात हात घातला तर बोटांना चकती लागली. तो कोट त्यांनी मेळाव्यानंतर आजच घातला होता. आता सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. तोंड उघडलं. “पोस्टलथ्वेटबाई,” ते म्हणाले, “तुम्हाला कुणीही दोष देत नाही.”

हे वाक्य परवानगी खात्यातलं होतं. त्याचा अर्थ कधीच काही नसे. डोरीननं मान हलवली आणि त्यांच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला, आधीपेक्षा मोठा. त्यांनी तो संपवला. न संपवणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

निघताना त्यांनी तिला आल्डरगार्थचं निमंत्रण दिलं. घर बंद आहे, कुणी नसेल, आईच्या आठवणी सांगायच्या, आणि खिडकीत बसायचंही, हवं तेवढा वेळ. डोरीन म्हणाली, आता तर नकोच. मग म्हणाली, “डाग पुसून बघू देत असाल तर येते.”

डिसेंबरातल्या एका दुपारी जेराल्ड तिला स्वतःच्या गाडीनं घेऊन आले. तिनं ठेवणीतला कोट घातला होता. पुढच्या दारानं आत जाताना ती अडखळली. आई कधी इकडून गेली नव्हती. पिशवी दारात ठेवते म्हणाली, पत्रात तसं लिहिलंय म्हणून. जेराल्डनी पिशवी स्वतः उचलून आत आणली. फिलिपानं तिचे दोन्ही हात हातात घेतले, ‘आमचं भाग्य’ म्हणाली, आणि आवाज नोंदवायचं यंत्र आणायला वर गेली. लीदमच्या घरात यंत्र सहज सापडत नसे.

दिवाणखान्यात सगळं पांढऱ्या अभ्र्यांखाली होतं. खिडकीतली बैठक तेवढी उघडी होती. बोंड बाजूला केलेलं, आणि ओकवर ते कडं.

डोरीन वाकली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिनं तो डाग आजवर पाहिलाच नव्हता. दाखवायचं कुणाला सुचलं नव्हतं. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं पिशवीतून थर्मास काढला, त्याचं झाकण उघडलं, उलटं केलं, आणि लाकडाला लागू न देता कड्याच्या वर धरलं. कडं झाकणाच्या आत बुडालं. चांगलं बोटभर लहान होतं. मग थर्मासचं बूड धरून पाहिलं. ते त्याहूनही मोठं.

“बसत नाही,” ती म्हणाली.

जेराल्ड खिडकीबाहेर बघू लागले.

“हे ग्लासचं आहे. दांड्याच्या ग्लासचं. आम्ही चॅपेलवाले, आमच्यात कुणी पीत नाही.” ती सरळ झाली. “हे मी केलेलं नाही.”

“नाही,” जेराल्ड म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“माझ्या घरी आलात तेव्हा?”

उत्तराऐवजी जेराल्डनी खिशातून चकती काढली. का काढली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा तिच्या हातातलं ओलं झाकण कुठंतरी ठेवावं लागेल म्हणून. डोरीननं चकतीकडे पाहिलं. वरचं घराचं चित्र, खालचा नमदा.

“आणि ही तेव्हा कुठं होती?”

“माझ्या हातात.”

बाहेर तळ्यावर पाऊस सुरू झाला होता किंवा थांबला नव्हता. वरच्या मजल्यावर फिलिपाची पावलं वाजत होती. डोरीन बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. तो पहिल्यापेक्षा जास्तच सभ्य झाला होता, आणि ‘बाबा’ त्यातून गेलं होतं.

“रविवारी आमच्याकडे प्रार्थना साडेदहाला असते, मिस्टर थेक्स्टन. संपल्यावर सूचना वाचतात. तेव्हा तुम्ही उभं राहायचं. ग्लास कुणाचा, ते तुमचं तुम्ही बघा. माझा नव्हता, एवढं सगळ्यांसमोर सांगायचं.”

जेराल्ड म्हणाले, येईन. छपराचं काय होईल हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आल्याची त्यांना लाज वाटली, आणि तरी तो गेला नाही.

मग डोरीननं कोट काढला, घडी करून हातावर घेतला, आणि ‘थकल्या जिवा, ये, बैस’च्या खाली बसली. आधी अगदी कडेवर, पाहुणी बसते तशी. मग मागं सरकली. पाय जमिनीला टेकेनात. तोंड खिडकीकडे केलं आणि बघू लागली. जेराल्डना तिची जांभळी टोपी आणि गालाची कड तेवढी दिसत होती. बाग दिसेनाशी होते, पाणी चौकटीपाशी येतं, हे एवढी वर्षं ते लोकांना सांगत आले होते. ते जिथं उभे होते तिथून बाग दिसत होती, कठडा दिसत होता, आणि तळं त्याच्या जागी, दूर.

“कसं दिसतं?” न राहवून त्यांनी विचारलं.

“ते आईला सांगायचंय,” डोरीन म्हणाली.

तिनं थर्मासमधला चहा झाकणात ओतला. वाफ काचेवर चढली. झाकण तिनं लाकडावर ठेवलं नाही, चकतीवरही नाही; दोन्ही हातांत धरलं. तिच्या पिशवीत दुसरा कप होता. रुमालात गुंडाळलेला, काचेच्या कपाटातला, बहुधा त्यांच्यासाठीच आणलेला. त्याचा कान बाहेर आलेला जेराल्डना स्पष्ट दिसत होता. डोरीननं थर्मासचं बूच घट्ट फिरवून बंद केलं, थर्मास पिशवीत ठेवला, आणि तळ्याकडे बघत सावकाश चहा प्यायला लागली.